बिनधुराची वही

आक्का, तुझ्या दहाव्याला कावळा शिवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पिंड ठेवला, आम्ही मागं सरलो, आणि आला तो. लोकांनी हात जोडले. "समाधानानं गेली," म्हणाले. "मागं काय ऱ्हायलं न्हाई तिचं." मला त्या कावळ्याला धोंडा हाणावासा वाटला. तू आणि समाधान! साठ वर्षांत एका भाकरीवरसुद्धा तुझं समाधान झालं नाही. आणि मी तर मनाशी ठरवून आले होते. कावळा अडून बसेल, माणसं एकेक करून कबूल करायला लागतील, लेकीकडं बघू, नातीला जपू, कारखाना चालवू. मग मी पुढं होईन आणि नदीच्या काठावर सगळ्यांदेखत खरं काय ते बोलेन. पण तू मला तेवढीही सवड दिली नाहीस. आम्ही घरी आलो आणि जेवलो.

तुझी धाकटी बहीण मी, आणि तुझ्याच धाकट्या दिराला दिलेली, म्हणून जाऊही. दोन्ही नात्यांनी मला तुझ्याशी भांडायचा हक्क होता आणि तो मी कधी वाया घालवला नाही. पेपरात तुझ्यावर दोन ओळी आल्या. वणवा विझवताना महिलेचा मृत्यू. त्यात तुझं नावही धड छापलेलं नाही. वणवा कसा लागला ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तुझा हात तोंडाआधी चालायचा. लहानपणापासूनच. मी चौथीत होते, तू सातवीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू घरोघर फिरून संपलेल्या वर्षाच्या वह्या गोळा करायचीस, मागची कोरी पानं अलगद सोडवायचीस आणि दाभणानं टोचून, दोऱ्यानं शिवून त्यांची नवी वही करायचीस. वर पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा. एका वहीत चार घरची पानं, कुठं दुरेघी, कुठं चौकटीची, कुठं पिवळी पडलेली. वर्गात पोरी हसायच्या. मला भोरच्या बाजारातली, वर गुलाबाचं चित्र असलेली वही पाहिजे होती. म्हणून तू केलेली वही मी चुलीत घातली. तू ती हातानं ओढून काढलीस, पायानं विझवलीस, आणि दाभण माझ्या तळहातात खुपसलंस. "पुन्ना कागद जाळशील? जाळशील पुन्ना?" दाभण बाहेर न काढता तू विचारत होतीस. आई मधे पडली म्हणून सुटले. त्या वर्षी मी काळ्या कडांची ती वहीच शाळेत नेली, आणि कोण हसतंय का ते तू दाराशी उभी राहून बघत होतीस.

पन्नाशी उलटल्यावर तू वाडीच्या वरच्या अंगाला पत्र्याची शेड घातलीस. आंबवड्याच्या पुढं, डोंगराच्या पायाशी, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते, तिथं कागदाचा कारखाना! वाडी हसली. शाळा-कॉलेजांतले तपासलेले पेपर आणि कचेऱ्यांची रद्दी पोत्यांनी आणायची, हौदात भिजवायची, तिचा लगदा करायचा, तो जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि एकेक ताव दोरीवर उन्हात वाळत घालायचा. दिवाळी ते मे, एवढाच हंगाम. पावसाळ्यात आपल्याकडं चार महिने अंगावरचं लुगडं वाळत नाही, कागद कुठला वाळणार. चिकटवायला पिठाची खळ, शिवायला दोरा, पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा कागद चढवायचा नाही. बघता बघता पंधरा बायका कामाला लागल्या आणि हसणारे गप्प बसले.

पुण्याहून शिकवायला आलेल्या बाईंनी एकदा फळ्यावर 'कार्बन' असं लिहिलं. झाडापासून कागदापर्यंत आणि कागदापासून दप्तरापर्यंत कुठं काय काय जळतं, ते त्या समजावून सांगत होत्या. तू अर्ध्यातच उठलीस. "म्हंजे धूरच की ओ बाई. सरळ धूर म्हना. बिनधुराची चूल आसती, तशी बिनधुराची वही." झालं, नाव पडलं. त्या दिवसापासून तू धुराच्या मागं हात धुऊन लागलीस. सारखी वीज जाते म्हणून मी जनरेटर आणला, तर तू त्याच्या टाकीत लगदा ओतलास. माल भोरला टेम्पोनं न्यावा म्हटलं, तर तू गठ्ठे एसटीत कोंबलेस आणि कंडक्टरशी हमरीतुमरीवर आलीस. "एसटी जातीयाच ना? ती काय आमच्यासाठी येगळा धूर सोडती?" भोर आणि वेल्ह्याबाहेर वही पाठवायची नाही, हाही तुझाच हट्ट. वही जितकी लांब जाईल तितका तिला धूर लागतो, म्हणायचीस. मी तुला हट्टी म्हातारी म्हणायचे. तू मला बाजारबसवी म्हणायचीस, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग दिवाळीनंतर तो पुण्याच्या एका संस्थेचा माणूस आला. मोठी चकचकीत गाडी, आत एकटाच. तू त्याला पाणी द्यायच्या आधी विचारलंस, "सायेब, येकल्यासाठी येवढी गाडी आणलीत. ह्यो धूर कुनाच्या माथी मारायचा, वहीच्या का तुमच्या?" तो बिचारा आधी लाजला, मग हसला, आणि पुढच्या वेळी खरंच एसटीनं आला. तेव्हा कुठं तू त्याची ऑर्डर घेतलीस, तीही वह्या भोर-वेल्ह्याच्याच शाळांत वाटायच्या या अटीवर. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर दोन वाक्यं छापायची ठरली. ही वही उन्हात वाळवली आहे. हिच्यासाठी लाकूड जळलेलं नाही. वाक्यं तुझी होती. हमीच्या कागदावर खाली सही माझी होती, कारण कागदपत्रांचं काम माझ्याकडं.

पुढं त्यानं ऑर्डर दुप्पट केली. तू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला भोरला होतीस, सव्वा महिना. तुला फोन केला असता तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून मी केला नाही. हो म्हणून टाकलं. दोरीवर तावाला अख्खा दिवस लागतो, तापल्या पत्र्यावर तो घटकाभरात वाळतो. मी भट्टी बांधून घेतली. खाली लाकूड, वर लोखंडी पत्रा. लाकूड वेल्ह्याकडचा एक ठेकेदार टेम्पोनं टाकून जायचा. आणि खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी तावांची चळत बघून मला आनंद व्हायचा.

तू आलीस ती हातातली पिशवीही खाली न ठेवता आत शिरलीस. भट्टी बघितलीस. लगद्याची बादली उचललीस आणि जाळावर ओतलीस. वाफ माझ्या हातावर आली, कोपरापर्यंत फोड उठले. मी तुझा अंबाडा धरला. तू माझ्या पोटात गुडघा घातलास. साठीच्या आणि सत्तावन्नच्या दोन बाया लगद्यात लोळत होतो, आणि बायका आम्हाला ओढत होत्या.

"पंधरा घरच्या चुली पेटायच्या तर येक भट्टी पेटली म्हनून काय बिघडलं?" मी ओरडले.

"काय न्हाई बिघडलं. मग वहीवर तसंच छाप. ही वही लाकडावर भाजलीया. आन् कर खाली सही."

"तिकडं बाळंतिणीला शेक द्यायला शेगडीभर कोळसा जाळलास, तवा न्हाई दिसला धूर?"

उत्तराऐवजी तू माझ्या थोबाडीत दिलीस. मी जिंकले होते, आक्का, आणि ते तुलाही कळलं होतं. त्या एका जिंकण्यापायी मी भट्टी पुन्हा पेटवली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा टेम्पो आला, तर तू त्याच्या चाकाशी बसलेली. टायरला दाभण लावून वरून मोगरी हाणत होतीस. दोन टायर फुस्स झाले होते. ड्रायव्हर जॅकची टॉमी घेऊन धावला, तू दाभण घेऊन उभी राहिलीस. मी मधे पडले. पण पडले ती त्याच्या बाजूनं. "सोडा ओ, म्हातारीचं डोकं फिरलंय," असं मी त्या परक्या माणसाला तुझ्यासमोर म्हणाले. तू दाभण खाली ठेवलंस आणि निघून गेलीस. त्यानंतर आठ दिवस आपण बोललो नाही. शेडच्या एका टोकाला तू दोरीवर ताव घालायचीस, दुसऱ्या टोकाला मी पत्र्यावर.

आता त्या दिवसाचं. होळीला चार दिवस होते. ठेकेदाराची माणसं आपल्याच डोंगरावर, वरच्या टप्प्याला, कुणाच्या तरी मालकीच्या रानात झाडं पाडत होती. सकाळी त्याचा फोन आला. फांद्या आणि पाल्यानं वाट बुजलीय, टेम्पो वर येत नाही, उद्या लाकूड टाकतो म्हणाला. मी म्हणाले, "मग पेटवून द्या की पाला. पन लाकूड मला आजच पायजे." एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

दुपारी डोंगरावर धूर दिसला. आपल्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर धुमसतोच. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं फुटतं, असं जुनी माणसं सांगत आली, आणि दरवर्षी कुणीतरी काडी लावतं. त्यामुळं धूर दिसला तरी कुणी मान वर करून बघत नाही. मीही बघितलं नाही. "लावली आसंल कुनीतरी," म्हणाले आणि भट्टीत लाकूड सारलं. माझ्याच जाळाचा धूर होता तो, आणि मला तो ओळखू आला नाही. तू मात्र हातातली जाळी टाकलीस. बाहेरच्या करंजाची हिरवी फांदी मोडलीस आणि दारात थांबलीस. "येतीस का?" म्हणालीस. आठ दिवसांतला पहिला शब्द.

"मला काम हाय," मी म्हणाले.

तुझ्याशी बोललेला हा माझा शेवटचा शब्द. तो मला रोज सकाळी उठल्याबरोबर ऐकू येतो, आणि मग मी चुलीवरचं भांडं आपटते, पोरांवर ओरडते, नवऱ्याला काहीबाही बोलते.

तुला खाली आणलं ते बबनदादानं, पाठीवर घालून. डोंगराच्या अर्ध्यावर त्याचं खोपटं, तिथं त्याची म्हसरं. त्याची सून संगीता आपल्याकडंच कामाला. वाऱ्यानं आग फिरली आणि तुम्ही दोघं घळीत सापडलात, असं नंतर कळलं. तुझ्या पायाची कातडी गेली होती. केस नव्हते. तोंडात राख होती, मी ती बोटानं काढली. तू गेलेलीच होतीस.

लोक जमले. बबनदादाचे हात काळे, भुवया जळलेल्या, खिशात बिडीचं बंडल आणि काडेपेटी. कुणीतरी ओरडलं, "ह्यानंच गवताला काडी लावली. म्हसरांसाठी!" मग काय विचारता. पहिली चप्पल मी मारली, आक्का. तोंडावर मारली. मग सगळेच तुटून पडले. काठ्या, लाथा, दगड. तो खाली पडला तरी हात थांबेनात. तेवढ्यात माझ्या कमरेचा मोबाईल वाजला. ठेकेदार होता. "ताई, पाला हाताभाईर गेला ओ. आमी निघालोय हितनं. नाव घिऊ नगा कुनाचं."

मी फोन बंद केला. भोवतीची माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या तोंडावर काय उमटलं होतं कुणास ठाऊक. ते कुणी वाचू नये म्हणून मी पुन्हा वाकले आणि बबनदादाला आणखी दोनदा मारलं. पहिल्यापेक्षा जोरात. त्याचे दोन दात मातीत पडले. पहिली चप्पल दुःखाची होती, तिची माफी एखादे वेळी मिळेल. पुढच्या दोन मी सगळं माहीत असून मारल्या.

मार खाताना तो एकदाही 'मी नाही' म्हणाला नाही. लोकांना तीच कबुली वाटली. पोलीस पाटलांनी त्याला ओढून बाहेर काढलं नसतं तर त्या दिवशी दोन मढी उठली असती. वाडीनं ठरवलं, ह्याची म्हसरं ओढ्याच्या डोहावर पाण्याला येऊ द्यायची नाहीत. मोडक्या बरगडीनं तो त्यांना पलीकडच्या अंगानं कोसभर खाली नेत होता. संगीताला कुणी कामावर बोलावलं नाही. मी हे सगळं दहा दिवस बघितलं. सत्य बोललं तर ऑर्डर जाणार, पंधरा बायकांचं काम जाणार, तुझ्या वहीचं नाव मातीत जाणार, असं स्वतःला समजावत राहिले. खरं तर मला माराची भीती वाटत होती.

दहाव्याचा तो कावळा उडून गेल्यावर मात्र मला राहवेना. अकराव्या दिवशी सकाळी मी एकटी डोंगर चढले. बबनदादा खोपटाच्या दाराशी बसला होता, छातीला फडकं गुंडाळलेलं. मी उभ्यानंच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं.

"दादा, आग तुमी लावली न्हाई. माझ्या लाकडापायी लागली."

"म्हायती हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. त्यानं थुंकीबरोबर रक्त बाजूला टाकलं. "पाला पेटताना म्या बघितला. आक्का वर आल्या, त्येनी बी वळखलं. दोघंबी फांदीनं बडवत व्हतो. बडवता बडवता म्हनल्या, बबन, ह्यो धाकटीचा जाळ हाय. खाली कुनाला बोलू नगंस. लोक फाडून खातील तिला. म्या व्हय म्हनलं. मग वारं फिरलं. मानूस गेल्यावर शबुद कसा मोडायचा?"

"म्हनून येवढा मार खाल्ला?"

"बोल्लो आसतो तर तुमी खाल्ला आसता."

मी त्याच्या दारातल्या लाकडी मेढीवर डोकं आपटून घेतलं. त्याच्या बायकोनं धरलं मला. मला रडू येत नव्हतं, मला तुझा संताप येत होता. कुणी सांगितलं होतं तुला मला झाकायला? जिवंतपणी कधी एक चूक पोटात घातली नाहीस माझी. तळहातात दाभण घातलंस, थोबाडीत दिलीस, टायर फोडलेस. आणि मरताना, पाय जळत असताना, तुला धाकटी आठवली. त्या माणसाचे दात माझ्या चपलेनं गेले ते तुझ्या ह्या मायेपायी गेले, आक्का. तुझी माया अशीच, अंगावर घाव घालणारी. आणि तरी त्या मेढीला धरून मी किती वेळ तुझंच नाव घेत होते ते त्या दोघांना विचार.

काल तुझं तेरावं झालं. पंगत शेडमधेच बसली होती, अख्खी वाडी. गोडाचं ताट वाढून झालं आणि मी मधे उभी राहिले. फोनवर काय बोलले ते सांगितलं. हमीच्या कागदावरची सही सांगितली. दुसरी चप्पल आणि तिसरी चप्पल सांगितली. माझ्या घरधन्यानं माझा दंड धरला, "याड लागलंय हिला, बसा, जेवा," म्हणाला. मी हात हिसडला. भट्टीशी गेले, घण उचलला आणि पत्र्यावर घातला. विटा निखळेपर्यंत घालत राहिले. कुणी अडवलं नाही. कुणी जेवलंही नाही. मग सगळ्यांसमोर पुण्याच्या त्या माणसाला फोन लावला. भट्टीवर वाळलेल्या वह्या घेणार नाही, म्हणाला. उन्हातल्या तेवढ्या घेईन, पण स्वतः येऊन बघून. त्याचं बरोबर होतं. आज सकाळी भोरला जाऊन पोलिसांत जबाबही देऊन आले. त्याचं पुढं काय होईल ते होईल.

पण मला सांगायचंय ते पंगतीतलं. मी घण टाकला तेव्हा संगीता उठली. बबनदादाची सून, पंचविशीची, एरवी मान वर करून न बोलणारी, मी मुद्दाम बोलावलं म्हणून पंगतीला आलेली. सगळ्या ताटांमधून वाट काढत आली आणि तिनं माझ्या कानाखाली जाळ काढला. मी खाली बसले. दुसरी मारेल म्हणून थांबले. तिनं मारली नाही. हमसून हमसून रडली, मग पदरानं तोंड पुसून बायकांकडं वळली. "भट्टीवरचं ताव हौदात टाका पुन्ना," म्हणाली. "उंद्यापास्नं सगळं उन्हात." आणि दारातल्या बाप्यांना, तुझ्याच सुरात, "म्हसरं डोहावर येत्याली आता. कुनी आडवून दावा."

बायका उठल्या आणि खरकट्या हातांनीच ताव उचलायला लागल्या. त्या तावांना लागलेला धूर काही परत जात नाही, तो लागला तो लागला. कागद तेवढा पुन्हा लगदा होईल. मी पण उचलत होते. कान अजून गुणगुणतोय.

तू सांगू नको म्हणाली होतीस. मी सांगितलं. आपल्या सगळ्या भांडणांत हे एकच तुला न विचारता मी संपवलं, आणि ह्यात कोण जिंकलं ते मला कळत नाही. तुला राग आला असेल. आला असेल तर ये, आक्का. ये आणि हाण मला.